हार्टचं पंपिंग कमी असताना ताकदीचे व्यायाम कसे सुरू करायचे

हार्ट फेल्युअर, म्हणजे हार्टचं पंपिंग कमी पडणं, असं म्हटलं की घरचे पेशंटला पलंगावरून उठूच देत नाहीत, पाण्याचा ग्लाससुद्धा हातात आणून देतात, हे प्रेमापोटीच असतं पण त्याने पेशंट अजून थकतो. कारण या आजारात हार्टबरोबर मांड्यांचे आणि दंडाचे स्नायूही झडतात, आणि जिना चढताना जी धाप लागते त्यात या अशक्त पायांचा मोठा वाटा असतो. २०२१ साली अमेरिकेतल्या रिहॅब-एचएफ नावाच्या अभ्यासात हार्ट फेल्युअरने ॲडमिट झालेल्या ३४९ वयस्कर पेशंटांना घेतलं होतं, त्यात ज्यांच्याकडून ताकद, तोल, हालचाल आणि दम वाढवायचे व्यायाम करून घेतले त्यांचं उठणं-चालणं बाकीच्यांपेक्षा जास्त सुधारलं.

आधी कार्डिओलॉजिस्टची परवानगी घ्या, ही पायरी कृपा करून गाळू नका. तब्येत स्थिर हवी, पायावर नवीन सूज नको, आडवं झाल्यावर दम लागत नसावा. पेसमेकर किंवा आयसीडी (हार्टचे ठोके धोकादायकरीत्या बिघडले तर शॉक देणारं छातीत बसवलेलं यंत्र) नुकताच बसवला असेल तर त्या बाजूचा हात खांद्याच्या वर कधीपासून न्यायचा ते विचारून घ्या. पहिले काही दिवस फिजिओथेरपिस्टच्या समोर केलेलं केव्हाही चांगलं.

जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. पाच-दहा मिनिटं घरातच सावकाश चाला आणि मग खुर्ची घ्या. खुर्ची भिंतीला टेकवलेली, प्लास्टिकची हलकी नको. पुढे सरकून बसा, पाय जमिनीवर घट्ट, आणि उठताना तोंडाने मोठ्याने "एक" म्हणा, बसताना श्वास आत, पुढच्याला "दोन". मोठ्याने मोजायचं कारण असं की बोलताना श्वास रोखता येत नाही, आणि श्वास रोखून जोर लावला की बीपी एकदम चढतं. (बद्धकोष्ठ असेल तर संडासात कुंथतानाही हेच होतं, तेही डॉक्टरांना सांगा.) सुरुवातीला आठ-दहा वेळा पुरे, मग एक-दोन मिनिटं बसा.

त्यानंतर ओट्याला धरून टाचा उचलणं, भिंतीला हात टेकवून ढकलणं, आणि अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली धरून कोपरातून हात वाकवणं. बाटली घट्ट आवळू नका, वर धरून थांबूही नका. आठवड्यातून दोन-तीनदाच, मध्ये एक दिवस सोडून.

जोर किती लावायचा हे नाडीवरून ठरवू नका, बीटा ब्लॉकरच्या, म्हणजे हार्टचे ठोके कमी करणाऱ्या गोळीने नाडी तशीही दबलेली असते. किती कष्ट वाटतात त्याला स्वतःच ६ ते २० मध्ये आकडा द्यायचा, याला बोर्ग स्केल म्हणतात; त्यावर ११ ते १३ म्हणजे थोडे कष्ट जाणवतात पण पूर्ण वाक्य बोलता येतं एवढंच. पंधरा वेळा सहज जमायला लागलं की मगच लिटरची बाटली.

छातीत दुखलं, चक्कर आली, धडधड वाढली तर तिथेच थांबा, आणि छातीतलं दुखणं बसूनही गेलं नाही तर सरळ हॉस्पिटल. लघवीची गोळी चालू असेल तर खुर्चीवरून उठल्यावर क्षणभर उभं राहून मगच पाऊल टाका.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करून कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते बहुतेक अंगात साठलेलं पाणी असतं, त्या दिवशी व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. ताप किंवा ॲडमिशनमुळे खंड पडला तर डॉक्टरांना विचारून परत बिनवजनाच्या खुर्चीपासूनच सुरू करा, जुन्या बाटलीवर उडी मारू नका.