लैंगिक संसर्ग: लक्षणांची वाट पाहू नका

‘काही झालं असतं तर कळलंच असतं’ या भरवशावर राहिल्यानेच गुप्तरोग सगळ्यात जास्त पसरतात. क्लॅमिडिया हा जिवाणूंमुळे होणारा गुप्तरोग झालेल्या बहुतेक स्त्रियांना काहीच जाणवत नाही, पुरुषांपैकीही अनेकांना नाही. गरमीची, म्हणजे सिफिलिसची, पहिली जखम दुखत नाही आणि ३ ते ६ आठवड्यांत आपोआप भरून येते. माणूस निश्चिंत होतो, पण जंतू शरीरातच असतात. पुढे तळहात-तळपायांवर पुरळ येऊ शकतं, तेही विरून जातं. उपचार न झाल्यास काही वर्षांनी मेंदू, डोळे किंवा हृदयावर घाला पडू शकतो.

क्लॅमिडिया, परमा (गनोरिया), सिफिलिस आणि ट्रायकोमोनास (एका परजीवीचा संसर्ग) योग्य औषधाने पूर्ण बरे होतात. एचआयव्ही आणि हर्पिस (फोड आणणारा विषाणू) शरीरातून जात नाहीत, पण औषधांनी काबूत राहतात. एचआयव्हीची औषधं नियमित घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही.

कंडोम फसतो तो बहुधा वापरण्यातल्या चुकीमुळे. आधी पाकिटावरची तारीख पाहा. पाकीट दाबल्यावर आत हवेचा फुगा जाणवायला हवा; नसेल तर ते कुठेतरी फुटलंय. खिशात महिनोन्‌महिने दबलेला कंडोम उष्णतेने आणि घासण्याने कमकुवत होतो, तो वापरू नका. पाकीट हाताने फाडा, दात किंवा कात्री नको. टोक चिमटीत धरून हवा काढा, कारण टोकात हवा अडकली की तो फुटायची शक्यता वाढते. मग तळापर्यंत उलगडा. उलटा लावला गेला तर फिरवून वापरू नका, बाहेरच्या बाजूला स्राव लागलेला असू शकतो; नवा घ्या. लेटेक्सच्या कंडोमला तेल, व्हॅसलीन किंवा लोशन लावलं तर तो काही मिनिटांतच कमजोर पडतो. पाण्याचं किंवा सिलिकोनचं वंगण चालतं. एकावर एक दोन चढवू नका, घर्षणाने दोन्ही फाटू शकतात. वीर्यपात झाल्यावर ताठरपणा असतानाच कंडोमची कड तळाशी धरून बाहेर या. गुदमैथुनानंतर योनिमैथुन करायचं असेल तर कंडोम बदला. मुखमैथुनातही परमा आणि सिफिलिस होतात, हे बरेच जण विसरतात. गर्भनिरोधक गोळ्या आणि तांबी गर्भ रोखतात, संसर्ग नाही.

हर्पिस आणि एचपीव्ही (चामखीळ आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग करू शकणारा विषाणू) कातडीच्या स्पर्शाने पसरतात, त्यामुळे कंडोमने झाकल्या न जाणाऱ्या भागातूनही लागू शकतात. एचपीव्हीची लस ९ ते १४ वर्षं या वयात, लैंगिक संबंध सुरू होण्याआधी, घेतली तर सर्वांत उपयोगी. लैंगिक संबंधातूनही पसरणाऱ्या हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराची लस राहिली असेल तर मोठेपणीही घेता येते.

चाचणी फार लवकर केली तर संसर्ग असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. संबंधानंतर क्लॅमिडिया आणि परमा यांची चाचणी साधारण २ आठवड्यांनी करा. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणारी अँटिजन-अँटिबॉडी प्रकारची (विषाणूचा अंश आणि शरीराने त्याविरुद्ध तयार केलेली प्रथिनं, दोन्ही शोधणारी) एचआयव्ही चाचणी ४५ दिवसांनी खात्रीचं उत्तर देते. फक्त अँटिबॉडी शोधणाऱ्या झटपट चाचणीला ९० दिवस धरा. सिफिलिससाठीही ९० दिवसांनी एकदा पाहा. लघवीचा नमुना द्यायचा असेल तर आधी किमान तासभर लघवी करू नका आणि सुरुवातीची धार घ्या. मधली धार घेतली तर जंतू निसटू शकतात. मुखमैथुन किंवा गुदमैथुन झालं असेल तर स्पष्ट सांगा, घशाचा किंवा गुदद्वाराचा वेगळा नमुना लागतो.

कंडोम फाटला आणि एचआयव्हीची शंका असेल, तर चाचणीच्या तारखेची वाट पाहू नका. ७२ तासांच्या आत, शक्यतो काही तासांतच, डॉक्टर गाठा आणि ‘पेप’, म्हणजे संबंधानंतर एचआयव्हीची लागण रोखणारी औषधं, मागा. ही औषधं २८ दिवस रोज घ्यायची असतात.

क्लॅमिडिया किंवा परमा निघाला तर जोडीदाराचाही उपचार हवाच. नाहीतर तोच संसर्ग पुन्हा तुमच्याकडे येतो. दोघांचं औषध पूर्ण होऊन ७ दिवस उलटेपर्यंत आणि लक्षणं जाईपर्यंत संबंध टाळा. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका, कुणाच्या उरलेल्या अँटिबायोटिकवरही भागवू नका. परम्याचे जंतू अनेक जुन्या औषधांना दाद देईनासे झाले आहेत. ३ महिन्यांनी पुन्हा चाचणी करा. स्त्रीला ओटीपोटात दुखून ताप आला, किंवा पुरुषाचा वृषण अचानक सुजून दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.