कमी वॉटचा अ‍ॅम्प आणि भरदार बेस: या चुका टाळा

"काका, स्पीकर ९८ डीबीचे आहेत, मग ८ वॉटच्या अ‍ॅम्पवर बेस का नाही?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की आता मी सगळ्यात आधी वॉटचा आकडा बाजूला ठेवायला सांगतो. ९८ डीबीच्या, म्हणजे थोड्या वॉटांत मोठा आवाज देणाऱ्या जोडीवर, दहा फुटांवर बसून घरात रोजच्या आवाजात गाणं ऐकताना सरासरी एका वॉटचा दहावा भागही खर्च होत नाही. तबल्याच्या थापेला, ड्रमच्या ठोक्याला क्षणभर चार-पाच वॉट लागतात. म्हणजे ८ वॉट पुरतात. पाहायचं असतं ते वेगळंच: ४०-५० हर्ट्झवर (बेसच्या खालच्या सुरांवर) त्या ८ वॉटांतले किती उरतात, आणि जे उरतात ते वूफरच्या (बेसच्या स्पीकरच्या) कोनला, म्हणजे हलणाऱ्या पडद्याला, धरून ठेवतात का.

डीबीचा आकडा बेसलाही लागू धरणे

स्पीकरवर लिहिलेला ९८ डीबी हा एका वॉटला एक मीटरवरचा आकडा आहे, आणि तो बहुतेक वेळा मधल्या पट्टीचा असतो. मंडपवाल्याकडून उतरलेली पंधरा इंची स्पीकरची पेटी गळ्याला ९८ देईल, पण ४० हर्ट्झला तीच पेटी सहज १० डीबी खाली असते. १० डीबी भरून काढायचे म्हणजे दहापट पॉवर. म्हणून "एफिशियंट स्पीकर आहे, बेस आपोआप येईल" हे गृहीतक पहिल्याच पायरीवर कोसळतं.

केएलएच कंपनीच्या नावातला 'एच' म्हणजे हॉफमन. त्यांनी १९६० च्या दशकात हे नीट मांडून ठेवलं: लहान पेटी, खोल बेस आणि जास्त एफिशियन्सी, यातल्या दोनच गोष्टी मिळतात. १९४६ पासून बनत आलेला क्लिप्शहॉर्न काही वॉटांवर बेस देतो, कारण तो कपाटाएवढा आहे आणि खोलीच्या कोपऱ्यातल्या भिंतीही हॉर्न म्हणून वापरतो. तुमची पेटी दीड फुटाची असेल आणि आकडा ९८ असेल, तर बेसचा बळी गेलेला आहे. कुठलाही अ‍ॅम्प तो परत आणणार नाही.

आणखी एक. आकडा 'एका वॉटला' आहे की '२.८३ व्होल्टला', हे वाचा. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे दोन वॉट, आणि तिथे ३ डीबी फुकटचे जोडलेले असतात. मी तर ग्राफ दाखवल्याशिवाय स्पीकर घेतच नाही, आणि ग्राफमध्ये आधी ५० हर्ट्झच्या रेषेवर बोट ठेवतो.

वॉट मोजणे, पण आउटपुट ट्रान्सफॉर्मर न पाहणे

नागपुरातल्या मानेवाड्याचा एक मुलगा, नुकताच नोकरीला लागलेला. पहिल्या सहा महिन्यांच्या बचतीतून त्यानं ३००बी ट्यूबचा सिंगल-एंडेड (प्रत्येक स्पीकरला एकच पॉवर ट्यूब असलेला) अ‍ॅम्प ऑनलाइन मागवला. स्पीकर बारा इंची वूफरचे, ९६ डीबीचे. एप्रिलातल्या एका दुपारी अ‍ॅम्प चादरीत गुंडाळून तो ऑटोनं माझ्याकडे आला. "काका, गळा तर असा, की समोर बसून गाऊन राहिले. पण बेस नुसता गुंगुं करून राहिला."

मी भजनाचं एक रेकॉर्डिंग लावलं. बेस तपासायला डग्ग्याइतकं प्रामाणिक वाद्य मला दुसरं माहीत नाही. मनगट दाबून वाजवणारा सूर वर चढवतो, ती घसीट पायरी-पायरीनं ऐकू आली पाहिजे आणि घुमारा वेळेवर थांबला पाहिजे. इथे प्रत्येक थाप एकाच सुरात फुगत होती. आवाज वाढवला तर ती फाटायलाही लागली. फुगणं आणि फाटणं हे दोन वेगळे आजार आहेत, आणि लोक दोन्हींवर एकच औषध शोधतात: महागडी ट्यूब. त्यानंही तेच विचारलं. मी नको म्हटलं आणि मल्टिमीटर काढला.

फुगण्याचं कारण आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे अ‍ॅम्पचा स्वतःचा आतला अडथळा. ते घरी मोजता येतं. ५० हर्ट्झचा सूर अगदी हळू आवाजात वाजवा (साधा मल्टिमीटर या सुरावर बरोबर वाचतो), स्पीकरच्या जागी आधी १६ ओहमचा आणि मग ८ ओहमचा दहा वॉटी सिमेंट रेझिस्टर लावा. व्हॉल्यूमला मात्र हात लावायचा नाही, आणि रेझिस्टर बदलताना अ‍ॅम्प बंद करायचा, कारण लोडशिवाय वाजणारा ट्यूब अ‍ॅम्प ट्रान्सफॉर्मर गमावू शकतो. आम्हाला १.६८ आणि १.४५ व्होल्ट मिळाले. व्होल्टेजमधला फरक ०.२३, करंटमधला (व्होल्ट भागिले ओहम) फरक ७६ मिलिअँपिअर. भागाकार केला की ३ ओहम. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरचे ओहम भागिले अ‍ॅम्पचे ओहम, म्हणजे कोनवरची पकड) जेमतेम पावणेतीन. वूफर नावाला ८ ओहमचा असला तरी त्याच्या रेझोनन्सवर (तो ज्या सुरावर आपोआप घुमतो तिथे) ३०-४० ओहमपर्यंत चढतो. असा अ‍ॅम्प नेमका तिथे दोनेक डीबी जास्त देतो आणि हललेल्या कोनला ब्रेकही लावत नाही. सगळा बेस एका सुरात ऐकू येतो तो यामुळे.

उपाय फुकटचा होता. स्पीकर ८ ओहमच्या टॅपवरून (अ‍ॅम्पवरच्या जोडणीवरून) ४ च्या टॅपवर घेतला. आउटपुट इम्पीडन्स निम्मं झालं, थोडी पॉवर गेली, आणि डग्ग्याची घसीट पहिल्यांदा कानावर आली. पोराचा चेहरा उजळला, पण थाप आता थोडी आधीच फाटू लागली होती.

फाटण्याचं कारण लोखंड, म्हणजे ट्यूब आणि स्पीकर यांना जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर. मी सीआरओवर (लहरीचं चित्र दाखवणाऱ्या यंत्रावर) पाहिलं: १ किलोहर्ट्झला ८ वॉट स्वच्छ, ४० हर्ट्झला दोन वॉटांच्या आतच लहरीचे खांदे पडलेले. फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की कोअर (ट्रान्सफॉर्मरचं लोखंड) सॅच्युरेट होण्याआधी, म्हणजे चुंबकाची मर्यादा गाठण्याआधी, निम्मंच व्होल्टेज मिळतं, म्हणजे पॉवर चौथा हिस्सा. ८० हर्ट्झला ८ वॉट देणारा ट्रान्सफॉर्मर ४० ला दोनच देणार. सिंगल-एंडेडमध्ये प्रायमरीतून डीसी करंटही वाहतो, कोअरमध्ये फट ठेवावी लागते, म्हणून तो पुश-पुलपेक्षा (ट्यूबची जोडी आळीपाळीनं काम करते त्यापेक्षा) बराच मोठा लागतो. आणि खर्च वाचवताना कंपन्या याच भागावर सुरी फिरवतात, कारण जाहिरातीतले वॉट १ किलोहर्ट्झचे असतात.

शेवटी आम्ही इथेच मोठ्या कोअरचे ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतले. दोन महिने लागले. मधे तीनदा त्याचा फोन आला, "तोवर दुसरं काही लावू का?" नका लावू. ज्या भागात दोष सापडला तोच बदला, एका वेळी एकच, आणि मग आठवडाभर ऐका.

तेव्हापासून माझी सवय पक्की झाली आहे: ट्यूब अ‍ॅम्प घ्यायच्या आधी मी तो उचलून बघतो. हलका लागला तर पुढे ऐकतही नाही. बेस हेच पहिलं प्रेम असेल तर मी थोडा फीडबॅक असलेला ईएल८४ ट्यूबचा पुश-पुल सुचवतो, नाहीतर एलएम१८७५ सारख्या वीस वॉटी आयसीचा, पण भक्कम पॉवर ट्रान्सफॉर्मर असलेला अ‍ॅम्प. आयसीच्या अ‍ॅम्पला आउटपुट ट्रान्सफॉर्मरच नसतो.

छोट्या चुका, पण रोजच्या

एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडणे. बेस गेला की मी आधी लाल-काळं तपासतो.

बेसचं बटण पूर्ण फिरवणे. १० डीबी वाढवले की तिथे दहापट पॉवर लागते. ८ वॉटच्या अ‍ॅम्पला ही चैन परवडत नाही.

बारीक वायर. ०.७५ एमएमची वायर दहा मीटर ओढली तर जाऊन-येऊन जवळपास अर्धा ओहम होतो. दीडची घ्या, मी अडीचची वापरतो.

टीपीए३११६ या अ‍ॅम्प-चिपचा बोर्ड १२ व्होल्टच्या अ‍ॅडाप्टरवर चालवणे. पाकिटावर काहीही छापलेलं असो, ८ ओहमवर १२ व्होल्टातून फार तर ९ वॉट निघतात. जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर लावला की तेच वीसच्या वर जातात. माझ्याकडे त्यासाठी असे दोन चार्जर कायम बाजूला ठेवलेले असतात.

नागपूरचा उन्हाळा आणि खोली विसरणे

३००बीची जोडी गाणं सुरू असो वा नसो, भिंतीतून शंभराहून जास्त वॉट ओढत राहते. बाहेर ४५ अंश असताना ती उष्णता तुमच्याच खोलीत साचते. अ‍ॅम्पच्या वर वीतभर जागा मोकळी पाहिजे. बंद शोकेसमध्ये तर ठेवूच नका.

कूलरचं दुखणं वेगळं. त्याची घरघर बेसवरच बसते, म्हणून माणूस आवाज वाढवतो आणि लहान अ‍ॅम्प क्लिप होतो, म्हणजे त्याचा आवाज फाटतो. शिवाय कूलरसाठी दार-खिडकी उघडी लागते, आणि खालचे सूर त्यातून निघून जातात. बारा फुटी खोलीत आणखी एक घोळ असतो: साधारण ४७ हर्ट्झचा सूर खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो, आणि आपली खुर्ची नेमकी तिथेच असते. ती दोन फूट मागे सरकवा, मग अ‍ॅम्पला नावं ठेवा.

मी स्वतः एप्रिल-मेमध्ये कुठल्याही अ‍ॅम्पबद्दल मत देत नाही. मानेवाड्याच्या त्या मुलाचे नवे ट्रान्सफॉर्मरही जूनच्या शेवटी, पहिला मोठा पाऊस पडून कूलर बंद झाल्यावरच आम्ही बसून ऐकले, खिडकी लावून, त्याच भजनावर.