पोरांना कॉम्प्युटरवर मॉडेल शिकवताय? या चुका टाळा

सांगलीत सुट्टीची बॅच घेतो, पाचवी ते आठवी. मॉडेल म्हणजे वणवा, धरण अशा खऱ्या गोष्टीची कॉम्प्युटरवरची साधी नक्कल, आकडे बदलून बघायची. पालक पहिल्याच दिवशी विचारतात, सर ॲप कधी बनवणार? ॲप राहू दे हो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अंदाज न लिहिता रन दाबणं. नेटलोगो हे मॉडेल चालवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ब्राउझरमध्येच चालतं, त्यात वणव्याचं तयार मॉडेल मिळतं. स्लायडरनं झाडं किती दाट ते ठरवायचं आणि डावीकडून आग लावायची. ५० टक्के जागेवर झाडं असतील तर किती जळतील विचारलं की बहुतेक पोरं म्हणतात, निम्मी. प्रत्यक्षात आग थोडीशी पुढं सरकते आणि विझते, ७० ला मात्र जवळजवळ सगळं जंगल साफ, कारण आग शेजारच्या झाडालाच लागते आणि ५९ च्या आसपास झाडांची साखळी पार पलीकडपर्यंत जुळायला लागते. पण हे बघून चमकतं ते ज्यानं 'निम्मी' असं लिहून ठेवलंय तेच पोरगं, बाकीचे म्हणतात मला माहीतच होतं. म्हणून माझ्याकडं वही आणि पेन, पेन्सिल चालत नाही, चुकलं तर खोडायचं नाही, खाली कारण लिहायचं.

दुसरी चूक साठा आणि आवक यांत गोंधळ, आणि ही सांगलीत व्हावी याचं जास्त वाईट वाटतं, कारण ऑगस्टमध्ये इथं घराघरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट, कोयना धरणातून विसर्ग किती हेच चाललेलं असतं. एका शाळेच्या प्रदर्शनात कोयनेचं मॉडेल होतं, एक्सेलमध्ये, रंगीत आलेख वगैरे. साठा ९० टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), आवक ६० हजार क्युसेक (म्हणजे सेकंदाला घनफूट), विसर्ग ३० हजार, आणि पोरानं सरळ ९० अधिक ६० वजा ३० केलेलं. पहिल्याच दिवशी धरणात १२० टीएमसी! कोयनेची क्षमता १०५.२५. परीक्षक आलेखाचा रंग बघून खूश, बक्षीसपण दिलं. अहो, १ हजार क्युसेक अख्खा दिवस वाहिलं तर ०.०८६४ टीएमसी होतं, म्हणजे दिवसाची वाढ २.६ च्या आसपास. मी त्या पोराला विचारलं, उद्या आवक ४० हजारांवर आली तर पाणी उतरणार का? हो म्हणाला, मागं उभ्या सरांनीपण मान हलवली. विसर्ग तेवढाच ३० हजार असेल तर धरण भरतच राहणार की, फक्त हळू. या जागी मोठेपण घसरतात, एमआयटीतल्या विद्यार्थ्यांना टबमधल्या पाण्याचा असाच आलेख काढायला दिला होता, २००० साली तो अभ्यास छापून आला, त्यातपण बरेच चुकले. मी आधी बादली आणि पाण्याचा मग घेतो, एक जण ओततो, एक जण उपसतो, तिसरा दर मिनिटाला पट्टीनं पाणी मोजून वहीत लिहितो, एक्सेल दुसऱ्या दिवशी.

दोन स्लायडर एकदम हलवू नका, फरक कशानं पडला ते ब्रह्मदेवालापण कळणार नाही.

एकदा चालवून निष्कर्ष काढू नका. ५९ ला तोच वणवा दर वेळी वेगळा जळतो.

यूट्यूब बघून जसंच्या तसं टाइप करणाऱ्यांचं मॉडेल झकास चालतं, फक्त एक ओळ काढून टाकली तर काय होईल विचारलं की गप्प.

आणि पालकांनो, मागं उभं राहून "अरे तो आकडा वाढव ना" नको. बाहेर चहाची गाडी आहे.