कॉम्प्युटरचा आवाज गेला? आधी आउटपुट बघा

नवे स्पीकर घ्यायला नाशिकच्या एम. जी. रोडवर जाण्याआधी विंडोज ११ मध्ये घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावर राइट-क्लिक करा, 'साउंड सेटिंग्ज' उघडा आणि 'आउटपुट'खाली तुमचेच स्पीकर निवडलेत का ते बघा. एचडीएमआय केबलने (चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी केबल) मॉनिटर जोडला की विंडोज अनेकदा आवाज परस्पर तिकडे वळवतं. मॉनिटरला स्पीकरच नसतील तर ऐकू येणार कुठून? बहुतेक वेळा घोळ इथेच असतो.

एकाच ॲपचा आवाज येत नसेल तर 'साउंड सेटिंग्ज'मधल्या 'व्हॉल्यूम मिक्सर'मध्ये त्याची पट्टी वर सरकवा. आवाज घुमत असेल तर स्पीकरच्या नावावर क्लिक करून 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करा.

स्पीकरची पिन कॉम्प्युटरच्या हिरव्या जॅकमध्येच हवी, गुलाबी जॅक माइकचा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या भागाकडे धूळ बसून खरखर येत असेल, तर पिन काढून कोरड्या सुती कापडाने पुसा.