चिनी पैशाची अमेरिकी बातमी: सौदा तपासायचा कसा

अडचणीतल्या अमेरिकी मोटारकंपनीत चिनी पैसा येतोय अशी बातमी आली की मथळ्यातला आकडा आधी बाजूला ठेवा. सौदा शेअरचा आहे की मालमत्तेचा, ते पाहा. शेअर घेतले तर कंपनीची कर्जे, खटले, वॉरंटीचे दावे तिच्यासोबतच येतात. दिवाळखोरीत, म्हणजे अमेरिकी कायद्याच्या 'चॅप्टर ११'मध्ये, कलम ३६३ खाली लिलाव झाला तर कारखाना, यंत्रे, पेटंट उचलता येतात आणि बरीचशी जुनी देणी मागे राहतात. मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या चीनच्या वानशियांगने ऑगस्ट २०१२ मध्ये ए१२३ सिस्टिम्स या बॅटरी कंपनीत सुमारे ४६.५ कोटी डॉलर घालून ८० टक्क्यांपर्यंत हिस्सा घ्यायचे ठरवले होते. ते फिसकटले, ऑक्टोबरात कंपनी दिवाळखोरीत गेली आणि डिसेंबरच्या लिलावात तिचा बहुतेक कारभार वानशियांगला २५.६६ कोटींना मिळाला.

मग तारणी कर्ज, म्हणजे कंपनीची मालमत्ता गहाण ठेवून दिलेले कर्ज, कोणाच्या हातात आहे ते शोधा. घोडे बहुधा इथेच पेंड खाते. फिस्कर या अमेरिकी मोटारकंपनीकडे असलेले अमेरिकी ऊर्जा खात्याचे सुमारे १६.८ कोटी डॉलरचे येणे हाँगकाँगच्या एका गुंतवणूकदाराच्या हायब्रिड टेक कंपनीने २०१३ मध्ये अवघ्या २.५ कोटींना घेतले. तारणधारकाला लिलावात रोख न मोजता आपले येणेच बोली म्हणून लावता येते. हायब्रिडचा बेत तोच होता. डेलावेअर राज्यातल्या दिवाळखोरी न्यायालयाच्या न्यायाधीशांनी जानेवारी २०१४ मध्ये त्या बोलीला २.५ कोटींची मर्यादा घातली. मग खरी चढाओढ झाली आणि फेब्रुवारीत वानशियांगने १४.९२ कोटींना बाजी मारली. फिस्करला बॅटऱ्या पुरवणारी ए१२३ आधीच त्यांच्याकडे होती, हे विसरू नका. न्यायालयाच्या कागदांत बोलीचे नियम, वगळलेल्या मालमत्तांची यादी आणि रोख रक्कम वेगवेगळी वाचा.

मंजुऱ्या दोन्हीकडच्या लागतात. अमेरिकेत परकीय गुंतवणूक समितीची छाननी ४५ दिवस, गरज पडल्यास चौकशी आणखी ४५. संरक्षणाशी संबंधित तुकडा असेल तर तो बाजूला काढावा लागतो; ए१२३चा सरकारी कंत्राटांचा भाग नॅव्हिटास या अमेरिकी कंपनीला २२.५ लाख डॉलरना गेला. बीजिंगही अडवू शकते: २००९ मध्ये जाहीर झालेला चिनी कंपनी तेंगझोंग आणि जनरल मोटर्सची हमर यांचा सौदा चिनी मंजुरीअभावी फेब्रुवारी २०१० मध्ये बारगळला. कारखाना तिसऱ्याच देशात असला तर तिथलीही मोहर हवी. जनरल मोटर्सचा तळेगावचा प्रकल्प चिनी मोटारकंपनी ग्रेट वॉलला विकण्याचा करार जानेवारी २०२० चा. एप्रिलमध्ये भारताने शेजारी देशांच्या गुंतवणुकीला सरकारी परवानगी सक्तीची केली आणि २०२२ मध्ये करार संपला. पुढे तो प्रकल्प ह्युंदाईने घेतला.

हप्तेही पाहा. चीनच्या एव्हरग्रांद समूहाने फॅराडे फ्यूचर या अमेरिकी विजेरी मोटारकंपनीत ४५ टक्क्यांसाठी २०० कोटी डॉलर कबूल केले, पण आधी आले ८० कोटी. ते संपल्यावर फॅराडेने पुढचे वेळेआधी मागण्यावरून २०१८ मध्येच लवादात भांडण गेले.

आताच्या सौद्यांत एक तपासणी वाढली आहे. अमेरिकी वाणिज्य खात्याच्या जानेवारी २०२५ च्या नियमाने इंटरनेटशी जोडलेल्या गाड्यांतल्या चिनी सॉफ्टवेअरवर २०२७ च्या मॉडेलपासून, तर हार्डवेअरवर २०३० पासून बंदी आहे. कंपनीवर चिनी मालकी वा ताबा असेल तर गाडी अमेरिकेत बनूनही विक्री अडू शकते. म्हणून खात्याची विशेष परवानगी मिळाल्याशिवाय सौदा पूर्ण होणार नाही, अशी अट करारात आहे का ते बघा.