बचत गटाला बँकेचं पहिलं कर्ज: अडतं कुठे आणि सोडवायचं कसं

महापालिकेत गट नोंदवला, बँकेत खातं उघडलं की सहा महिन्यांनी कर्ज मिळतं, असं वस्त्यावस्त्यांत सांगितलं जातं. मिळत नाही. बँक मागच्या सहा महिन्यांच्या वह्या बघते, आणि बहुतेक गट तिथेच लटकतात. फॉर्म, फोटो, शिक्के ही कामं एका आठवड्यात उरकतात. वह्या मागाहून उरकता येत नाहीत.

गट. एकाच वस्तीतल्या १० ते २० महिला. जिचं नाव आधीच दुसऱ्या गटात आहे तिला घेऊ नका. आज चालून जाईल, पण कर्जाच्या वेळी सगळ्यांची कागदपत्रं तपासली जातात तेव्हा अख्खा गट अडकतो.

नोंदणी. पुणे आणि पिंपरी-चिंचवडला समाज विकास विभाग, मुंबईत महापालिकेचा नियोजन विभाग, लहान शहरांत नगरपरिषदेचा अभियान कक्ष. आपल्या भागाची समूह संघटिका (गटांचं काम बघणारी कार्यकर्ती) कोण ते विचारा आणि तिलाच भेटा. शहरी गटांसाठीच्या सरकारी योजनेच्या नावाचा घोळ मनावर घेऊ नका. १९९७ पासून स्वर्णजयंती शहरी रोजगार योजना होती, २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं, आता दीनदयाळ जन आजीविका योजना आली आहे. वह्यांची पद्धत तीच आहे.

खातं. पहिल्या बैठकीचा ठराव, गटाचा शिक्का आणि अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांची केवायसी. बचत खात्यासाठी सगळ्या सदस्यांची कागदपत्रं मागितली तर नम्रपणे सांगा की रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पदाधिकाऱ्यांचीच पुरतात, बाकीच्यांची कर्जाच्या वेळी घेता येतात. व्यवहार तिघींपैकी कोणत्याही दोघींच्या सहीने. त्या दोघी सासू-सून नसतील तर बरं.

आता वह्या

इतिवृत्त वही (बैठकीत काय ठरलं ते), रोख पुस्तक, बचत-कर्ज खातेवही आणि प्रत्येकीचं छोटं पासबुक एवढं लागतं. बाजारात मिळणारा जाडजूड छापील संच घेतलाच पाहिजे असं नाही, रेघा मारलेल्या साध्या वह्या चालतात. बँकेचा माणूस वही सुबक आहे का ते बघत नाही. तो एखादी तारीख धरतो आणि त्या तारखेचा आकडा चारही ठिकाणी सारखा आहे का ते बघतो. इतिवृत्तात ‘२,००० कर्ज दिले’ आणि खातेवहीत १,५०० असं एकदा दिसलं की पुढचं पान तो उलटत नाही.

सगळ्यात मोठी गफलत मात्र वेगळीच असते. समजा १२ जणी आहेत आणि महिना २०० रुपये बचत आहे. सहा महिन्यांत १४,४०० जमले. बँकेचं पासबुक उघडलं तर शिल्लक ३,२००. अधिकारी म्हणतो, ‘तुमची बचत तर तीनच हजार आहे.’ कर्ज बचतीच्या पटीत ठरतं, सुरुवातीला साधारण एकपट ते चौपट. १४,४०० च्या चौपट म्हणजे ५७,६००, आणि ३,२०० च्या चौपट १२,८००. फरक केवढा ते बघा. बाकीचे पैसे कुठे गेले? अंतर्गत कर्जात, म्हणजे गटाने आपल्याच सदस्यांना दिलेल्या कर्जात, असायला हवेत तिथेच. पण ते कागदावर दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी दर महिन्याच्या बैठकीत, सगळ्या समोर असताना, हा ताळा करायचा:

आलेले पैसे: बचत १४,४०० + वसूल व्याज ६३० + दंड ७० = १५,१००
वजा खर्च (वह्या, शिक्का): ५००
राहायला हवेत: १४,६००

असलेले पैसे: सदस्यांकडे येणं कर्ज ११,००० + बँकेत ३,२०० + हातात रोख ४०० = १४,६००

दोन्ही बाजू जुळल्या तर त्या पानावर तिन्ही पदाधिकाऱ्यांच्या सह्या घ्या. नाही जुळल्या तर बैठक उठवू नका. पन्नास रुपयांचा फरक ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून सोडला की तो पुढे शोधून सापडत नाही, आणि गटात कुजबुज सुरू होते ती वेगळीच. बहुतेक वेळा चूक एकाच ठिकाणी असते: परतफेडीचे ५५० आले, त्यात ५०० मुद्दल नि ५० व्याज, पण सगळे ५५० मुद्दलात धरले गेले. म्हणून पावतीवर मुद्दल आणि व्याज दोन वेगळ्या रकान्यांत लिहा, बेरीज नंतर.

ताळा जुळला तरी फेटाळणी होऊ शकते, त्याची कारणं ठरलेली आहेत.

पैसे नुसते खात्यात पडून असणं हे पहिलं. शिल्लक छान दिसते, पण अंतर्गत कर्जवाटप नाही म्हणजे गटाला पैसा फिरवता येतो याचा पुरावाच नाही. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नोंदी या पंचसूत्रीवरच गटाची प्रतवारी होते.

याच्या उलट, बचत बैठकीत गोळा करायची आणि तिथल्या तिथे रोखीने कर्ज म्हणून वाटायची. सोय आहे, पण बँकेच्या पासबुकात काहीच उमटत नाही. बचत आधी खात्यात भरा, मग कर्जासाठी काढा. एक फेरी जास्त पडते, पडू द्या.

दिवाळीला बचत वाटून घेणं हे तिसरं, आणि याबाबत तडजोड नको. ती भिशी झाली. वाटप केलं की गटाचा निधी शून्य, आणि बँकेच्या दृष्टीने गट पुन्हा पहिल्या महिन्यात.

शेवटचं कारण हास्यास्पद आहे, पण रोज घडतं: तपासणीच्या आदल्या रात्री एका पेनने, एका हस्ताक्षरात सहा महिन्यांचं इतिवृत्त लिहून काढणं. हजेरीत बाराही सह्या दर वेळी, गैरहजर कोणीच नाही, दंड कोणालाच नाही. असली वही कोणालाही ओळखू येते. खाडाखोड असलेली खरी वही त्यापेक्षा कितीतरी चांगली.

शाखेत जाताना. ताळ्याच्या पानाची प्रत, कर्जमागणीचा ठराव, सगळ्यांची केवायसी. समूह संघटिका सोबत असावीच, शाखेतल्या माणसाशी तिची रोजची गाठ असते. सहा महिने मोजायचे ते वह्यांप्रमाणे, खातं उघडल्याच्या तारखेपासून नाही. दहा लाखांपर्यंतच्या गटकर्जाला तारण लागत नाही, आणि कर्जासाठी मुदत ठेव करा असंही सांगता येत नाही. एखादीच्या घरचं जुनं कर्ज थकलेलं असलं तर तेवढ्यावरून गटाला नाही म्हणायचं नसतं, गट स्वतः थकबाकीदार नसला म्हणजे झालं. मात्र बँकेच्या पैशातून त्या थकलेल्या सदस्याला कर्ज देऊ नका. नकार मिळालाच तर कारण लेखी मागा. बऱ्याचदा तिथेच सूर बदलतो.

कॅश क्रेडिट (ठरलेल्या मर्यादेत लागतील तसे पैसे काढायचे-भरायचे) की मुदत कर्ज (एकदम मिळतं, हप्त्यांनी फेडायचं) असं विचारलं तर पहिल्या खेपेला मुदत कर्ज घ्या. कॅश क्रेडिटचं ठरलेल्या मुदतीत नूतनीकरण करावं लागतं, नवे गट ती तारीख हमखास विसरतात आणि खातं अनियमित होतं.

पैसे आल्यावर. बारा वाटे करू नका. जिला शिलाई मशीन घ्यायचं आहे तिला २०,०००, जिला गरज नाही तिला काहीच नाही, आणि कोणाला किती व का याचा ठराव. समान वाटलेले पैसे घरखर्चात जातात आणि तिसऱ्या हप्त्यापासून ओढाताण सुरू होते. हप्ता ५ तारखेला कापला जात असेल तर बैठक १ तारखेला ठेवा. कोणाचे पैसे कमी पडले तर गटाच्या निधीतून भरायला मधे चार दिवस राहतात, आणि ती रक्कम त्या सदस्याच्या नावावर कर्ज म्हणून त्याच दिवशी लिहायची.