चवथीच्या नेवऱ्या आणि धरलेली कंबर: मिठाचा शेक कसा द्यावा

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी पाटावर बसून दीडशे नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करून झाल्या की आमच्या फोंड्यातल्या घरात कुणाची तरी कंबर धरतेच. मग ओट्याखालचा जाड्या मिठाचा डबा बाहेर निघतो.

आधी तेल. अर्धी वाटी घाण्याचं खोबरेल, ठेचलेल्या आठ-दहा लसूण पाकळ्या आणि चमचाभर ओवा मंद आचेवर ठेवा. लसूण बदामी झाली की लगेच उतरवा, काळी पडली तर तेलाला करपट वास येतो. कोमट झाल्यावर फडक्यातून गाळा. हे तेल फक्त वरून लावायचं, आणि दोन दिवसांपुरतंच करा.

कच्ची लसूण मात्र अंगावर बांधू नका. मी एकदा गुडघ्यावर ठेचून रात्रभर बांधली. सकाळी दुखणं होतं तिथेच, वर रुपयाएवढा फोड आला होता.

आता शेक. दोन मुठी जाडं मीठ लोखंडी तव्यावर कोरडं भाजा. मिठागरातल्या मिठात ओल असते, त्यामुळे ते आधी तडतडतं. तडतड थांबली की जुन्या सुती लुगड्याच्या दुहेरी तुकड्यात घालून घट्ट पुरचुंडी बांधा. नायलॉनचं कापड नको, ते वितळतं. पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा, चटका बसला तर थांबा. तेल हलक्या हाताने चोळून, वर पातळ पंचा ठेवून दहा-पंधरा मिनिटं शेका. एका जागी दाबून धरू नका. खरा गुण उबेचा आणि चोळणाऱ्या हाताचा, असं माझं मत. ओव्याचा वास छान येतो, एवढंच.

पाय मुरगळून नुकताच सुजला असेल तर पहिले दोन दिवस शेक नाही, फडक्यात गुंडाळलेला बर्फ. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना शेक देऊच नये, भाजलेलं त्यांना कळत नाही. मुक्या माराला आंबेहळद सहाणेवर उगाळून लावतात. कोकमाच्या बियांचं तेल भेगांसाठी, दुखण्यासाठी नव्हे. आणि पावसाळ्यात अंगदुखीबरोबर ताप असेल तर पुरचुंडी बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा, डेंग्यू किंवा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो.

थंड झालेलं मीठ पुन्हा भाजून वापरता येतं. फक्त डबा वेगळा ठेवा. आमच्याकडे ते एकदा हुमणात (माशाच्या कालवणात) पडलं आणि सगळ्यांच्या ताटात ओवा-लसणीचा वास आला.